लग्नाच्या लाइव्हसाठी कॅमेरा ते स्विचर (सगळे कॅमेरे जोडून चित्र बदलायचं मशीन) 60 मीटर एसडीआय, म्हणजे डिजिटल व्हिडिओ नेणारी केबल, टाकायचीय, सीसीटीव्हीची केबल चालेल का?

नको भाऊ, लग्नाच्या कामात ही रिस्क घेऊच नको. सीसीटीव्हीच्या स्वस्त केबलमध्ये आतली तार बऱ्याचदा स्टील नाहीतर अल्युमिनियमची असते, वरून फक्त तांब्याचा मुलामा, आणि 1080p60 ला (फुल एचडी, सेकंदाला 60 फ्रेम) थ्रीजी-एसडीआय, एसडीआयचा वेगवान प्रकार, लागतो, म्हणजे सेकंदाला 2.97 गिगाबिट, त्यात 60 मीटरवर सिग्नल टिकेल याचा काही भरवसा नाही. आणि डिजिटल आहे ना, तो हळूहळू खराब होत नाही, आधी ठिपके चमकतात आणि थोडं अंतर वाढलं की सरळ काळा पडदा.

75 ओहमची (हा केबलचा इम्पीडन्स, एसडीआयला हाच लागतो), पूर्ण तांब्याची, फॉइल आणि जाळी दोन्ही असलेली आरजी-6 जातीची (कोअॅक्स केबलचा एक प्रकार) घे, बेल्डन 1694A सारखी, 60 मीटर आरामात जाते.

बीएनसी, म्हणजे केबलच्या टोकाचे कनेक्टर, पण 75 ओहमचेच पाहिजे, 50 ओहमचे बसतात बरोबर पण सिग्नल परत उसळतो. कनेक्टर त्याच केबलच्या मापाचा, क्रिम्पिंगची डाय (कनेक्टर केबलवर दाबून बसवायच्या पक्कडीचा साचा) पण त्याच मापाची, यातच लोक चुकतात. धुळ्याला एका हळदीत माझं हेच झालं होतं, केबल चांगली, कनेक्टर ढिला, ऐन वेळी एक कॅमेरा गेला.

आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात केबल मऊ पडते, तेव्हा घट्ट वळवून बांधू नको आणि वाटेत खुर्च्या असतील तर वरून ने.