मुलांसाठी निसर्गाचं मासिक लावायचंय? आधी एक सुटा अंक मागवा

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा आठचा. दोघांना मिळून एकच मासिक लावावं, म्हणजे भांडणंही टळतील आणि पैसेही वाचतील, असा विचार आहे. चालेल का? (नाशिक)

उत्तर : भांडणं टळणार नाहीत, वाढतील. साडेचारचं मूल मासिक वाचत नाही. ते चित्र बघतं आणि तुम्ही वाचलेलं ऐकतं. त्याला पानभर एकच प्राणी आणि खाली तीन-चार वाक्यं हवीत. आठ वर्षांच्या मुलाला अशी पानं ‘बाळांची’ वाटतात, आणि त्याच्या पानांवरचा बारीक मजकूर बघून धाकटीचा धीर सुटतो. मधल्या वयाचं मासिक घेतलं तर ते दोघांच्याही कामाचं राहत नाही.

पैसे एकाच वर्गणीचे असतील तर ती मोठ्याच्या वयाची लावा आणि धाकटीला त्यातलीच चित्रं दाखवून तोंडी सांगा. उलट केलंत तर मोठा वर्षभर अंक उघडणार नाही. वयाचा आकडा मुखपृष्ठावर असतो, पण त्यावर विसंबू नका. सुट्या अंकातलं मधलंच एखादं पान उघडा आणि मोठ्याला मोठ्यानं वाचायला लावा. एका परिच्छेदात चार-पाच ठिकाणी अडखळला तर ते मासिक अजून वर्षभर लांब आहे. देवनागरीत मात्रा, रफार, उकार ओळीच्या वर-खाली जातात, म्हणून अक्षरांइतकंच ओळींमधलं अंतर महत्त्वाचं. दाटीवाटीनं छापलेलं मराठी पान नवशिक्या वाचकाला इंग्रजीपेक्षा अवघड जातं. दोष मुलाचा नसतो, मांडणीचा असतो.

आणि साडेचारच्या मुलीसाठी तीन वर्षांची सवलतीची वर्गणी भरू नका. तिसऱ्या वर्षी ती साडेसातची होईल आणि अंक रद्दीत जातील. या वयात एकेक वर्षच भरावं.

प्रश्न : नातेवाईक परदेशी गुळगुळीत मासिक भेट देणार आहेत. फोटो अप्रतिम असतात. आपल्याकडचं घ्यावं की तेच? (ठाणे)

उत्तर : भेट आहे तर घ्या, फोटोंना नावं ठेवायला जागा नाही. नॅशनल जिओग्राफिकचं ‘लिटल किड्स’ साधारण तीन ते सहा वर्षांसाठी आणि ‘किड्स’ त्याहून मोठ्यांसाठी आहे. पण स्वतः पैसे मोजणार असाल तर एक कसोटी लावा : अंकातल्या किती गोष्टी मुलाला महिन्याभरात घराबाहेर प्रत्यक्ष दिसतील? ऑक्टोबरच्या अंकात लाल-पिवळी पानगळ असते, आणि ठाण्यात तेव्हा झाडं पावसानंतरची हिरवीगार असतात. अंकातला तांबड्या छातीचा ‘रॉबिन’ मूल बागेत शोधतं आणि त्याला दिसतो काळा-पांढरा दयाळ, ज्याला इंग्रजीत मॅग्पाय रॉबिन म्हणतात. हे दोन वेगळे पक्षी आहेत, हे कुणीतरी सांगावं लागतं. मग ते सांगणारे तुम्ही असायला हवेत.

भारतातलं इंग्रजी मासिक हवं असेल तर ‘सँक्च्युअरी’वाल्यांचं ‘कब’ पाहा. १९८१ साली ‘सँक्च्युअरी’ सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत त्याचं हे मुलांचं भावंड आलं. त्यात वाघ, गिधाडं, पाणथळ जागा असं इथलंच असतं. मात्र ते स्वतः वाचणाऱ्या मुलांसाठी आहे. बालवाडीतल्या मुलाला ते तुम्हीच वाचून दाखवायचं.

कुठलंही मासिक असो, चुका तपासायला पाच मिनिटं द्या. कोळ्याला कीटक म्हटलंय का? (त्याला आठ पाय असतात, कीटकाला सहा.) पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर काढलेत का? पहिला दक्षिणेकडचा, दुसरं उत्तर ध्रुवाकडचं. फुलपाखराच्या कोषाभोवती रेशीम गुंडाळलंय का? तसा कोष पतंगाचा असतो, फुलपाखराचा उघडाच टांगलेला असतो. नाग दूध पितो असं लिहिलंय का? यातली एकही चूक सापडली तर वर्गणी भरू नका. लहान वयात डोक्यात बसलेलं काढायला फार वेळ लागतो.

प्रश्न : मुलं मराठी शाळेत आहेत. त्यांना मराठीत काय द्यावं? (लातूर)

उत्तर : बालभारतीचं ‘किशोर’ पहिल्यांदा बघा. १९७१ पासून निघतंय. ते निव्वळ निसर्गाचं नाही, कथा-कविता-कोडी असं सगळंच असतं, पण प्राणी-पक्षी-झाडांवरचे लेख येत राहतात आणि भाषा चोख असते. साधारण आठ वर्षांच्या पुढे जमतं. जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. त्यातले निसर्गावरचे लेख निवडा, छापून घ्या आणि फाइलला लावा. शाळेच्या वाचनालयासाठी हा उत्तम आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. हिंदी समजत असेल तर भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ १९८५ पासून चालू आहे, तेही मागवून पाहण्यासारखं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाची निसर्गाशी ओळख मराठीतून व्हावी म्हणून भारतातून मासिक मागवावं का? (न्यू जर्सी)

उत्तर : निसर्ग तिथला घ्या, मराठी तुमचं वापरा. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनचं ‘रेंजर रिक’ १९६७ पासून निघतं, सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याचंच ‘ज्युनियर’ चार ते सात वयासाठी. रात्री वाचताना मजकूर सरळ मराठीत सांगा आणि नावं दोन्ही भाषांत घ्या. मोनार्क फुलपाखराची अळी ज्या मिल्कवीडवर वाढते, ती वनस्पती आपल्या रुईच्या कुळातली. रुईवर आपल्याकडे प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या असतात. असा एक धागा सापडला की सुट्टीत आजोळी आल्यावर मूल रस्त्याकडेची रुई स्वतःहून शोधतं. मुंबईहून मागवलेल्या अंकातल्या पळसाचं ते तिथे काय करणार?

प्रश्न : मासिकात ‘अळी पाळा, फुलपाखरू बघा’ असा उपक्रम होता. कढीपत्त्यावरची अळी बरणीत ठेवली, ती चौथ्या दिवशी मेली आणि मुलगी खूप रडली. असे उपक्रम असलेलं मासिक घ्यावं का? (सातारा)

उत्तर : घ्यावं, पण अर्धवट सूचना देणारं नको. या उपक्रमात काय बिघडतं ते छापलेलं नसेल तर संपादकानं तो स्वतः करून पाहिलेला नाही, असं समजा.

कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम फुलपाखरू अंडी घालतं. अंडं गोल, फिकट पिवळं, जेमतेम मिलिमीटरभर. अळी आधी काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे एक अंक आला की पुढचा येईपर्यंत.

मरण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच. पहिलं, बाजारातली फवारलेली पानं. पानं त्याच झाडाची किंवा बिनफवारणीच्या झाडाचीच हवीत. दुसरं, ओली पानं आणि घट्ट झाकण. आत बाष्प धरतं, बुरशी येते. झाकणाऐवजी मलमलचं फडकं बांधा, पानं पुसून घाला, लेंड्या रोज झाडा. तिसरं, अळी हातानं उचलणं. ती ज्या पानावर आहे ते पानच हलवायचं.

पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडते, पातळ हिरवी विष्ठा टाकते आणि बरणीभर फिरते. आजारी पडली असं वाटून लोक तिला बाहेर टाकतात. ती कोषासाठी जागा शोधत असते, तिला एक तिरकी काडी द्या. बरणी निदान वीतभर उंच हवी. कोषातून निघालेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले असतात. तास-दोन तास मोकळं लटकता आलं नाही तर ते तसेच वाकडे वाळतात आणि ते कधीच उडत नाही. मुलांना एवढं मात्र बजावा की केसाळ सुरवंट पाळायचा नाही आणि त्याला हातही लावायचा नाही, त्याच्या केसांनी अंगावर पुरळ उठतं. (आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत, त्याची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. सापडली तर मजाच.)

प्रश्न : वर्गणी भरली, पण दोन अंक आलेच नाहीत. (कोल्हापूर)

उत्तर : मासिकं बहुधा सवलतीच्या दरात साध्या टपालानं येतात, त्यामुळे अंक कुठे अडकलाय ते शोधता येत नाही. टपालात टाकण्याची तारीख बऱ्याचदा अंकावर छापलेली असते. ती जुन्या अंकावर बघा आणि त्यानंतर पंधरा दिवस वाट पाहून लगेच कळवा. तीन महिन्यांनी कळवलं तर शिल्लक अंक संपलेले असतात. पत्त्यात विंग, मजला, पिनकोड आणि मोबाइल नंबर हवाच. मोठ्या सोसायटीत अंक पहारेकऱ्याच्या टेबलावर पडून राहतात, आधी तिथे विचारा. जादा पैसे भरून कुरिअर मिळत असेल तर पावसाळ्यापुरतं तरी घ्या. आणि वेष्टनावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. वर्गणीदार क्रमांक आणि वर्गणी संपण्याचा महिना बहुतेक वेळा तिथेच असतो, आणि मुलं ते वेष्टन पहिल्या मिनिटात फाडून टाकतात.