वाचकांचे प्रश्न : दोन अलेक्सेई आणि एक पणती

प्रश्न : सोलापूरच्या विजापूर रोडवरचे आम्ही अकरा जण महिन्यातून एकदा अनुवादित कादंबरीवर बोलायला बसतो. 'अ‍ॅना कारेनिना' घेतली आणि शंभर पानांत निम्मे गळाले. नावंच लक्षात राहत नाहीत म्हणतात.

उत्तर : आधी हिशेब. पानाला दोन मिनिटं धरली आणि रोज वीस मिनिटं वाचलं, तर चार आठवड्यांत 280 पानं होतात. तॉलस्तॉयची ही कादंबरी संपूर्ण रूपात 800 पानांच्या आसपास जाते. ती महिन्यात संपवा म्हटल्यावर माणसं गळणारच. तिचे भाग आठ आहेत; बैठकीला दोन भाग धरा, चार महिने द्या. कुणाकडचा मराठी अनुवाद तीनशे पानांतच आटोपला असेल, तर तो संक्षिप्त आहे हे आधीच सांगून टाका, नाहीतर एकाने वाचलेला प्रसंग दुसऱ्याच्या पुस्तकात नसतोच. आवृत्त्या वेगळ्या असतील तर पान क्रमांक नको, भाग आणि प्रकरण सांगा.

नावांचं म्हणाल तर रशियन नाव आपल्यासारखंच असतं : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. अ‍ॅना अर्काद्येव्हना आणि तिचा भाऊ स्तेपान अर्काद्येविच, दोघांचे वडील अर्कादी. मराठी वाचक फसतो तो पुढे. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं होतं, तिकडे ते वडिलांचंच राहतं. आडनाव मात्र नवऱ्याचं, तेही बाईला वेगळ्या रूपात : तो कारेनिन, ती कारेनिना. त्यात नवरा अलेक्सेई आणि प्रियकर व्रोन्स्कीही अलेक्सेई! पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर दहा-बारा पात्रं लिहा, प्रत्येकापुढे लाडाचं नाव (स्तेपानचं स्तिवा), आणि तोच पुठ्ठा खूण म्हणून पुस्तकात ठेवा. कोण कुणाला कुठल्या नावाने हाक मारतं तेही पाहत जा. नेहमी लाडाने बोलावणारा अचानक वडिलांच्या नावासकट बोलू लागला, तर तिथे काहीतरी ताठलंय.

प्रश्न : एकच प्रत आहे. झेरॉक्स काढून वाटली तर चालेल का?

उत्तर : पूर्ण पुस्तकाची नको. तॉलस्तॉय 1910 साली गेला, मूळ पुस्तक कधीच खुलं झालं. पण अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो आणि आपल्याकडे तो अनुवादकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. चर्चेपुरता एखादा उतारा ठीक.

प्रश्न : आमच्या गटात कन्नड आणि तेलुगू वाचणारेही आहेत. चर्चा मात्र 'छान होतं', 'कंटाळवाणं होतं' इथेच थांबते.

उत्तर : सोलापुरात हे घबाडच आहे की! 'कसं वाटलं?' हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात विचारायचाच नाही. प्रत्येकाने आठ-दहा ओळींचा एक उतारा निवडून आणायचा आणि मोठ्याने वाचायचा. तोच उतारा दुसऱ्या भाषेत असेल तर लगेच तोही. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा घ्या. दीपा भास्ती यांनी केलेल्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. बक्षिसाची रक्कम लेखिका आणि अनुवादिकेत निम्मी-निम्मी वाटली जाते. शीर्षककथेचं कन्नड नाव 'एदेय हणते'. हणते म्हणजे आपली मातीची पणती. इंग्रजीत तिचा नुसता 'लॅम्प' झाला. मराठी अनुवादक इंग्रजीवरून गेला तर 'दिवा' लिहील, कन्नडवरून गेला तर पणती त्याच्या हाताशीच आहे. म्हणून शीर्षकामागचं पान आधी उघडा आणि अनुवाद मुळावरून आहे की इंग्रजीवरून, ते पाहा. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक इंग्रजीत पुसला जातो. मधल्या इंग्रजीतून आलेल्या अनुवादात तो मराठी अनुवादकाने अंदाजाने भरलेला असतो. नवरा-बायकोच्या संवादावर बोट ठेवून कन्नडवाल्यांना विचारा, मुळात एकेरी आहे की अहो-जाहो. दीड तास पुरणार नाही.