सेल्टिकचे चाहते ग्रीन ब्रिगेडवरून आपसातच का भांडतात?

सप्टेंबरात मास्टर्ससाठी ग्लासगोला येताय, तिथल्या सेल्टिक या फुटबॉल क्लबची मॅच बघायची इच्छा आहे, पण ग्रीन ब्रिगेड या अल्ट्रा म्हणजे कट्टर चाहत्यांच्या गटाच्या पॅलेस्टाईनवरच्या आणि इतर राजकीय बॅनरवरून तिथल्या चाहत्यांतच फूट पडलीय असं वाचलंत. तेव्हा भांडण नेमकं कशाचं आणि बहुतेक लोक कोणाच्या बाजूने, असं तुम्ही विचारलंय. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं ग्लासगोत आहे. सेल्टिक पार्कात माझं सीझन तिकीट जॉक स्टीन स्टँडचं आहे, म्हणजे ब्रिगेडपासून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांचे ढोल ऐकू येतात, बॅनर वाचता येतात आणि शेजारी बसलेले लोक त्यावर काय पुटपुटतात तेही कानावर पडतं.

थेट उत्तर आधी देतो. पॅलेस्टाईनबद्दल सहानुभूती असावी की नसावी यावर सेल्टिकवाल्यांचं फारसं वाजत नाही. वाजतं ते कोणत्या शब्दांत, कोणत्या दिवशी, कोणाच्या नावावर आणि दंड कोण भरणार यावरून. शिवाय तट कायमचे नाहीत. आज एका बॅनरवरून शिव्या घालणारा माणूस पुढच्या महिन्यात त्याच पोरांच्या बाजूने क्लबला खरमरीत पत्र लिहितो.

आता जरा मागे जातो, कारण क्लबचा जन्म माहीत नसेल तर हे सगळं पोरकटपणा वाटेल. ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या आयरिश धर्मबंधूने १८८७ साली ग्लासगोच्या पूर्व भागात हा क्लब काढला, तो तिथल्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या पोरांना जेवण मिळावं म्हणून. दुष्काळाने आयर्लंड सोडून आलेली, कॅथलिक म्हणून हिणवली गेलेली ही माणसं. त्यांचा संघ म्हणजे सेल्टिक. कोल्हापुरात पाटाकडील किंवा शिवाजी मंडळाचा संघ जसा अख्ख्या पेठेचा असतो, तिथे ‘आम्ही फक्त खेळ बघतो’ म्हणणाऱ्याला कोणी ओळखत नाही, तसंच काहीसं. सेल्टिक पार्कावर आयर्लंडचा तिरंगा फडकतो. १९५२ साली स्कॉटिश फुटबॉल संघटनेने तो उतरवायला सांगितला होता. अध्यक्ष रॉबर्ट केली यांनी साफ नकार दिला, आणि गंमत म्हणजे शहरातल्याच हाडवैरी रेंजर्स क्लबने त्या वादात सेल्टिकची बाजू घेतली. म्हणजे ‘मैदानात राजकारण नको’ हे वाक्य इथे म्हणायचं तर मान वर करून त्या झेंड्याकडे बघायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं.

ग्रीन ब्रिगेड २००६ पासूनची. अल्ट्रा ही मूळ इटलीतली पद्धत. क्लबचा पैसा घ्यायचा नाही, नव्वद मिनिटं उभं राहून गायचं, टिफो म्हणजे अख्खा स्टँड झाकणारी चित्रं स्वतः रंगवायची. पुढे उभा असलेला कॅपो बहुतेक वेळ मैदानाकडे पाठ करून असतो. हातात भोंगा, नजर आपल्या माणसांवर. गोल झालेला त्याला समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून कळत असावा! सेल्टिकने २०१६ साली त्या कोपऱ्यात उभं राहून बघायची रेलिंगवाली जागा करून दिली, ब्रिटनमध्ये तेव्हा ते नवलच होतं. पार्कातला जो आवाज युरोपभर वाखाणला जातो, त्यातला मोठा वाटा या कोपऱ्याचा. हेच लोक दरवर्षी मॅचच्या आधी फूड बँकेसाठी शिधा गोळा करतात. बॅनरवर नाक मुरडणारी म्हातारी माणसंही तिथे पिशवीभर डबे आणून देतात.

आता फुटीकडे येऊ. पहिली मोठी ठिणगी माझ्या मते नोव्हेंबर २०१० ची. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धापासूनच्या मृत सैनिकांच्या स्मरणार्थ खसखशीचं लाल फूल छातीवर लावतात, खेळाडूंच्या जर्सीवरही येतं. ॲबर्डीनविरुद्धच्या मॅचला (९-० जिंकली, पण ते कोणाला आठवत नाही) ब्रिगेडने बॅनर लावलं: आयर्लंड, इराक, अफगाणिस्तान, आमच्या जर्सीवर रक्ताने माखलेलं फूल नको. बऱ्याच आयरिश वंशाच्या लोकांना ते पटलं. पण अनेक सेल्टिक कुटुंबांतले आजे-पणजे त्याच सैन्यात लढले आहेत. सेल्टिककडून खेळलेल्या विली अँगसला १९१५ साली व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं होतं. अशा घरातल्या माणसाला त्या बॅनरने लागलं, आणि ते लागणं खोटं नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी वारल्यावर राजघराण्याला शिवी देणारं बॅनर वॉर्सात युक्रेनच्या शाख्तार संघाविरुद्धच्या मॅचला झळकलं, तेव्हाही तेच. राजेशाही नको म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी कपाळाला हात लावला. मत मान्य, पण मेलेल्या म्हातारीवर हे कशाला, असा एकंदर सूर.

याउलट ऑगस्ट २०१६. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इस्रायलचा हपोएल बेअर शेवा संघ ग्लासगोत आला. सेल्टिकने ५-२ ने हरवलं, स्टँडमध्ये पॅलेस्टाईनचे झेंडे फडकले आणि युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, ८,६१५ पौंडांचा दंड ठोकला. नेहमीचा सूर निघाला की तुमच्या हौसेपायी क्लबच्या खिशातून पैसे जातात, म्हणजे शेवटी आमच्या तिकिटातून. ब्रिगेडने दंडाइतकीच रक्कम पॅलेस्टाईनसाठी गोळा करायचं आवाहन केलं आणि जमले पावणेदोन लाख पौंडांहून जास्त, म्हणजे दंडाच्या वीसपट. पैसे वैद्यकीय मदतीला आणि बेथलेहेमच्या आयदा निर्वासित छावणीतल्या लाजी केंद्राला गेले, तिथे पोरांचा फुटबॉल संघही उभा राहिला. त्यानंतर दंडाचा मुद्दा काढणाऱ्यांची तोंडं बराच काळ बंद झाली. मलाही तो निषेध सर्वांत सरस वाटतो, कारण त्यात कोणाला शिवी नव्हती आणि शेवटी हातात काहीतरी पडलं.

मग आला ७ ऑक्टोबर २०२३. सकाळी हमासचा हल्ला झालेला, बातम्या अजून येतच होत्या. आणि त्याच दिवशी किल्मार्नकविरुद्धच्या घरच्या मॅचला ब्रिगेडच्या कोपऱ्यात दोन बॅनर: ‘पॅलेस्टाईन मुक्त करा’ आणि ‘प्रतिकाराचा विजय असो’. पहिल्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. दुसऱ्याने घोळ केला. शेकडो नागरिक मारले गेल्याच्या दिवशी ‘विजय’ हा शब्द? माझं मत विचाराल तर ते बॅनर चूक होतं, आणि ब्रिगेडची बाजू नेहमी उचलून धरणारे माझ्या स्टँडमधले दोघे-तिघेही त्या दिवशी गप्प बसले. क्लबने लगेच हात झटकले.

एवढ्यावर थांबलं असतं तर ब्रिगेड एकटी पडली असती. पण पुढच्या अडीच आठवड्यांत गाझातल्या बातम्या आल्या, क्लबने ‘झेंडे-बॅनर आणू नका’ असं सांगितलं, आणि २५ ऑक्टोबरला ॲटलेटिको माद्रिदच्या मॅचला नेमकं उलटं घडलं. झेंडे फक्त त्या कोपऱ्यात नव्हते. माझ्या आजूबाजूला, कधी उभंसुद्धा न राहणाऱ्या रांगांत लोकांनी कोटातून घडी घातलेले झेंडे काढले. माझ्या पुढच्या सीटवरचे गृहस्थ निवृत्त शिक्षक. सात तारखेच्या बॅनरवरून तणतणत होते, त्यांच्या हातातही एक. बायकोने दिलाय म्हणाले, आणि पहिल्या गोलनंतर तो त्यांनी मफलरसारखा गळ्यात टाकला. मॅच २-२ सुटली. युएफाचा दंड १७,५०० युरो.

महिना संपता संपता क्लबने ब्रिगेडच्या अडीचशेच्या आसपास लोकांची सीझन तिकिटं स्थगित केली. कारण म्हणून फटाके, सुरक्षा, कर्मचाऱ्यांशी वागणूक वगैरे यादी दिली. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. ज्वाला पेटवून धूर करणं इथे धोकादायकच मानतात, आणि त्यावरून पालक मंडळी ब्रिगेडवर आधीपासून वैतागलेली होती. पण ही कारवाई माणूस बघून नव्हे, सरसकट झाली. सुक्याबरोबर ओलंही जळालं. १ नोव्हेंबरला सेंट मिरेनविरुद्ध तो कोपरा रिकामा होता. सेल्टिक २-१ ने जिंकलं, पण पार्क इतकं शांत की खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. तेव्हा बॅनरविरोधी मंडळींतलीही बरीच बोर्डाच्या विरोधात गेली. त्यांचा राग पॅलेस्टाईनशी संबंधित नव्हताच. क्लब ही शेअरबाजारात नोंदलेली कंपनी, संचालक आम्हाला गिऱ्हाईक समजतात, ही जुनी ठसठस. डिसेंबरात तिकिटं परत मिळाली.

खेळाडूंची बाजू सहसा कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. त्या काळात संघात लीएल अबादा हा विशीतला इस्रायली विंगर होता. चांगला खेळायचा, रेंजर्सविरुद्ध गोल केलेले, लाडका होता. मायदेशातून त्याच्यावर टीका, इथे दर मॅचला हे वातावरण. मार्च २०२४ मध्ये तो अमेरिकेत शार्लट संघाकडे गेला. झेंडे फडकवणाऱ्या गर्दीत त्याचं नाव घेऊन गाणारेही होते. अशा खेळाडूचं काय करायचं, याचं नीट उत्तर मला अजून कोणाकडून मिळालेलं नाही, आणि ‘युद्धात हे व्हायचंच’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

युएफाच्या दुटप्पीपणावर मात्र जवळजवळ सगळे एक आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर चार दिवसांत रशियाचे संघ बाहेर काढले. तेव्हा युरोपभर स्टेडियममध्ये युक्रेनचे झेंडे चालले, त्याला कोणी राजकारण म्हटलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅरिसमध्ये तिथल्या पीएसजी क्लबच्या अल्ट्रांनी ‘फ्री पॅलेस्टाईन’चा अवाढव्य टिफो लावला, त्यावर युएफाने कारवाई केली नाही. मग आमच्या झेंड्यांना दंड कोणत्या न्यायाने? ऑगस्ट २०२५ मध्ये तर इटलीतल्या उदिनेला सुपर कपच्या मॅचआधी युएफानेच मैदानावर ‘मुलांना मारणं थांबवा, नागरिकांना मारणं थांबवा’ असं बॅनर अंथरलं. कोणाचं नाव नाही, कोणाला बोट नाही. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

अल्ट्रा म्हणजे डावेच असा मात्र समज करून घेऊ नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये रोमच्या लाझिओ क्लबचे समर्थक ग्लासगोच्या भर रस्त्यातून नाझी सलाम ठोकत गेले, आणि पार्कात ब्रिगेडने उलट्या टांगलेल्या मुसोलिनीचं चित्र दाखवून ‘तुमच्या नेत्यामागे जा’ असं सुनावलं. आमच्याच शहरात रेंजर्सकडे ब्रिटिश राजनिष्ठेचे झेंडे असतात, आणि सेल्टिककडे पॅलेस्टाईन आहे म्हटल्यावर तिकडे काहीजण इस्रायलचा झेंडा आणतात. यातल्या किती जणांना नकाशावर गाझा दाखवता येईल, देव जाणे.

हे फक्त तिकडचं खूळ आहे असंही नाही. जानेवारी २०२० च्या कोलकाता डर्बीत (ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान) ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून टिफो लावला होता: ही माती रक्त देऊन घेतलीय, कागद दाखवून नाही. फाळणीत विस्थापित झालेल्यांचा आधार झालेला तो क्लब. त्याच्या चाहत्यांना तो विषय खेळाबाहेरचा कसा वाटणार? ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या प्रकरणानंतर डर्बीच रद्द झाली, तेव्हा ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे लोक एकमेकांच्या खांद्यावर बसून सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर निदर्शनं करत होते.

तर तुमच्या मॅचबद्दल. पहिल्यांदा येताय तर मुख्य स्टँडचं किंवा जॉक स्टीनचं तिकीट बघा, ब्रिगेडचा कोपरा तिथून पूर्ण दिसतो. त्यांच्या भागात चुकून तिकीट मिळालंच तर बसायचा हट्ट धरू नका आणि फोन वर करून लोकांचे चेहरे शूट करू नका, ते खपवून घेत नाहीत. निळा कोट घरी ठेवा, तो रेंजर्सचा रंग. मॅचआधी गॅलोगेटवरच्या पबांत जा, तिथे शेजाऱ्याला ब्रिगेडबद्दल नुसतं विचारा, मग तुम्हाला बोलायची गरज पडणार नाही. फक्त किक-ऑफच्या अर्धा तास आधी निघा, गेटवर रांग असते.