पंखे फुल्लवर, खिडक्या उघड्या, तरी घर कोंदट का?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट, दिवसभर खिडक्या उघड्या, पंखे पाचवर, तरी घर कोंदट आणि रात्री झोप नाही. एसी न घेता काय करता येईल? मीही पुण्यातच, जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्ची. हे सगळं भोगून झालंय.

आधी दिवसभर खिडक्या उघड्या ठेवणं थांबवा. एप्रिलच्या दुपारी बाहेर 38-39 असतं. ती हवा घरात घेऊन आपणच भिंती तापवतो आणि रात्री त्याच भिंती आपल्याला शेकतात. पण त्याच एप्रिलमध्ये पहाटे पारा 20-22 पर्यंत उतरतो, तो गारवा आत घ्यायचा. सकाळी साडेआठ-नऊला खिडक्या लावून पडदे ओढायचे. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की खिडकीबाहेर हात काढून बघायचा. घरापेक्षा बाहेर गार लागलं की सगळं सताड उघडायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो आत येतच नाही. आमच्या बेडरूमची खिडकी चांगली पश्चिमेला, तरी पान हलायचं नाही. एका रात्री पंखा बंद करून खिडकीत उदबत्ती धरली. धूर काठीसारखा सरळ वर. तेवढ्यात बायकोने खोलीचं दार उघडलं आणि धूर लगेच आत वळला, दाराच्या दिशेने ओढल्यासारखा. म्हणजे दोष खिडकीचा नव्हताच. दार आदळतं म्हणून आम्ही ते रोज लावून झोपायचो! मिक्सर आल्यापासून माळ्यावर पडलेला वरवंटा आता दाराला टेकवलेला असतो.

मग त्या धुराचा माग काढत स्वयंपाकघरापर्यंत गेलो. तिथे तो घुटमळला. खिडकीची डासांची जाळी काढून उजेडात धरली, तर फोडणीचं तेल आणि धूळ बसून निम्मी भोकं बुजलेली. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासली. तुमचीही जाळी आधी बघा, यात पैसे जात नाहीत.

टेबलफॅन असेल तर रात्री तो अंगावर लावण्याऐवजी पूर्वेच्या खिडकीपाशी, तोंड बाहेर करून ठेवा. अगदी चिकटवू नका, हात-दीड हात आत असू द्या. तो घरातली तापलेली हवा बाहेर ढकलतो आणि पश्चिमेच्या खिडकीतून गार हवा आपोआप आत येते. त्याच बाजूला एक्झॉस्ट असेल तर तोच चालू करा, काम एकच.

छताच्या पंख्याकडून फार अपेक्षा नको. तो हवा गार करत नाही, फक्त अंगावरचा घाम वाळवतो. वरच्या मजल्यावर तर स्लॅबखालची गरम हवाच खाली फेकतो. गच्चीवर पांढरा चुना मारला तर स्लॅब बराच कमी तापतो. पंखा पाचवर असूनही रेंगाळत असेल तर इलेक्ट्रिशियनला आधी कंडेन्सर बघायला सांगा. स्वस्तातलं काम आहे, लोक उगाच नवा पंखा घेतात.

कुणी कूलर सुचवेल. तो लावलात तर समोरची एक खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर दमट हवा घरातच कोंडते आणि अंग चिकचिकतं. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी मात्र माझी सकाळ-संध्याकाळची वेळ पाळू नये. तिथे रात्रही फारशी उतरत नाही आणि हवा आधीच दमट, त्यामुळे वारा दिवसभर वाहता ठेवलेलाच बरा.

सगळ्यात जास्त फरक पडला तो जिन्यामुळे. गरम हवा वर चढते, आणि जिना म्हणजे आयतं धुराडंच. रात्री आम्ही लाकडी दार उघडं ठेवतो, जाळीच्या सेफ्टी डोअरला आतून कुलूप घालतो आणि गच्चीचं दार उघडतो. घरातली हवा जिन्यातून वर ओढली जाते. सेफ्टी डोअरपाशी उभं राहिलं की पाठीला झुळूक लागते. सेक्रेटरी काका आधी ऐकेनात, म्हणे चोर येतील. शेवटी त्यांनाच रात्री दहाला उदबत्ती घेऊन दारात उभं केलं. आता गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. अट एकच, वळिवाची सर आली की दार लावायला मीच उठायचं.