शिवाराचे प्रश्न : पर्माकल्चर शिकायला परमुलखात जावे का?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पर्माकल्चर (निसर्गाच्या रीतीने आखलेली टिकाऊ शेती), इको-व्हिलेज (निसर्गाला धरून एकत्र राहणाऱ्या लोकांची वस्ती) आणि जमिनीची राखण या एकाच विषयाभोवतीची आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराला जास्त जागा लागली आहे, कारण इतर पत्रांतील बऱ्याच शंका त्यातच सामावलेल्या आहेत.

प्रश्न : मी मूळचा सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातला असून पुण्यात नोकरी करतो. गावी आमची चार एकर जिराईत जमीन आहे आणि वडील तीत बाजरी व ज्वारी घेतात. तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून एखाद्या इको-व्हिलेजमध्ये राहावे आणि पर्माकल्चर शिकावे, असे मनात आहे. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल या वसाहतीविषयी बरेच वाचले आहे. वडिलांचे म्हणणे असे की, बापजाद्यांनी जी शेती केली, ती शिकायला पैसे भरून परमुलखात कशाला जायचे? यावरून घरात अबोला धरण्याची वेळ आली आहे. जावे का, आणि गेल्यास नेमके काय शिकावे?

उत्तर : जरूर जावे; मात्र रजा कोणत्या महिन्यांत घ्यायची, हे आधी ठरवावे. माणमध्ये जून-जुलैत ढग नुसते पुढे सरकताना दिसतात आणि भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो. ऑरोव्हिलच्या पठारावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणजे सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अशी रजा घेतली, तर पहिला महिना वडिलांबरोबर आपल्याच बांधावर उभे राहून पाणी कोठून येते, कोठे थबकते आणि कोठून माती घेऊन निघून जाते, हे पाहता येईल आणि उरलेल्या दोन महिन्यांत दुसऱ्या मुलखाने आपल्या पावसाचे काय केले, ते पाहता येईल. हा क्रम उलटा झाला, तर परत येताना डोक्यात ऑरोव्हिलचा नकाशा असेल आणि तो आपल्या माळावर बसवण्याचा खटाटोप सुरू होईल.

आता पर्माकल्चर या विद्येविषयी थोडे. बिल मॉलिसन आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होमग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ही कल्पना मांडली आणि १९७८ मध्ये तिच्यावरचे पहिले पुस्तक निघाले. 'कायमस्वरूपी टिकणारी शेती' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची सांधणी करून हे नाव तयार झाले आहे. भूमीची काळजी, माणसांची काळजी आणि गरजेपुरते ठेवून उरलेल्याची वाटणी ही तिची तीन नीतितत्त्वे होत. जगभर चालणारा तिचा मूळ अभ्यासक्रम ७२ तासांचा असतो आणि त्याच्या शेवटी विद्यार्थ्याला एखाद्या जागेचा पूर्ण आराखडा करून दाखवावा लागतो. जेथे जाल, तेथे कोणाच्या तरी काल्पनिक जागेचा आराखडा न करता आपल्या चार एकरांचाच करण्याचा आग्रह धरावा. त्यासाठी गटाचा नकाशा, उताराची दिशा, विहिरीची खोली, मुरूम किती हातांवर लागतो याची नोंद आणि सप्टेंबरात काढलेली छायाचित्रे बरोबर न्यावीत.

त्या अभ्यासक्रमात जागेचे घरापासून बाहेर जाणारे टप्पे शिकवतात : रोज हात लागतो ते घराजवळ, क्वचित लक्ष द्यावे लागते ते दूर, आणि सर्वांत शेवटी निसर्गावर सोडून दिलेला तुकडा. आपल्या वडिलांना हे सांगून पाहावे. परस, मळा, जिराईत रान, गायरान आणि डोंगर ही आपल्याकडची मांडणी याहून फार वेगळी नाही, आणि बाजरीच्या ओळींमध्ये तूर, मटकी, हुलगा टाकणाऱ्या माणसाला मिश्र पिकाचे महत्त्व शिकवण्याची गरज नसते. त्यांच्या पिढीकडे जे सहसा नसते, ते म्हणजे पाण्याचा लेखी हिशेब. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे मिलीमीटर पाऊस धरला, तर एका एकरावर सुमारे २० लाख लिटर आणि आपल्या चार एकरांवर ८० लाख लिटर पाणी वर्षाला पडते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा, एकास एक उतार दिलेल्या शेततळ्यात जेमतेम २२ लाख लिटर मावते. उरलेले साठवायला मातीवाचून दुसरे भांडे नाही, आणि ते भांडे गळके आहे की धड, याचे उत्तर सप्टेंबरातील आपली निरीक्षणेच देतील.

ऑरोव्हिलमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी तेथे वसाहतीची स्थापना झाली, तेव्हा ते लाल मातीचे पठार धूप होऊन उघडे पडलेले होते आणि पावसाचे पाणी घळींमधून समुद्राकडे धावत होते. पहिल्या लोकांनी आधी बांध घातले, पाणी थोपवले, झपाट्याने वाढणाऱ्या ऑस्ट्रेलियन बाभळींची सावली आणि पालापाचोळा मिळवला, आणि त्या आडोशाला स्थानिक जंगलाची झाडे वाढवली. जवळच २००३ मध्ये सुरू झालेल्या साधना फॉरेस्टमध्ये स्वयंसेवक सकाळी श्रमदान करतात, स्वयंपाक आणि सफाई पाळीपाळीने करतात आणि पूर्णतः वनस्पतिजन्य आहार घेतात. पुण्यातून थेट जाणाऱ्या माणसाला झाडांपेक्षा ही पाळीच अधिक शिकवते, असे माझे मत आहे. पंधरा अनोळखी माणसांनी एक भांडे कोणी घासायचे यावर न भांडता दोन महिने काढणे सोपे नसते.

मात्र तेथील सारेच उचलून आणू नये. त्या पठारावर वर्षाला बाराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी. तेथील बाभळी माणमध्ये लावण्याचे कारण नाही. ते काम येथे बांधावरचे गिरिपुष्प, शेवगा, बोर आणि सीताफळ करू शकतात. आच्छादनाचा धडा तर विशेष जपून घ्यावा. जमीन उघडी ठेवू नये हे खरे, परंतु कडबा हा आमच्याकडे जनावरांचा चारा आहे, आणि चारा-छावण्यांचे दिवस पाहिलेल्या तालुक्यात जो कोणी कडबा रानात पसरायला सांगेल, त्याचे दुसऱ्या दिवशी कोणी ऐकणार नाही. गिरिपुष्पाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आच्छादनासाठी त्याचा पाला आधी वापरावा. कोरडवाहू दख्खनचे उदाहरण पाहायचे असेल, तर तेलंगणातील जहीराबादकडे नरसन्ना कोप्पुला यांच्या 'अरण्य' संस्थेचे काम आहे. माणच्या शेतकऱ्याला ते ऑरोव्हिलपेक्षा जवळचे वाटेल. आणि परमुलखाचीच गरज आहे असेही नाही. टाकेवाडी हे माणमधलेच गाव २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिले आले. एक रविवार त्यासाठी काढावा आणि वडिलांनाही बरोबर न्यावे.

माझा एक अनुभव सांगतो. कोरेगाव तालुक्याच्या पूर्व भागात मी पहिल्या वर्षी पाणी अडवण्यासाठी चर खणले, ते डोळ्यांच्या अंदाजाने. दिसायला सरळ होते, पण समपातळीत नव्हते. सप्टेंबरच्या एका रात्रीत सगळे पाणी चराच्या खालच्या टोकाला जमा झाले, तो बांध फोडून निघाले आणि माझ्याबरोबर शेजाऱ्याच्या ज्वारीचीही माती घेऊन गेले. शेजाऱ्याने भांडण केले नाही. पुढच्या वर्षी मी आखणी करताना तो स्वतः दोरी धरायला आला. तेव्हापासून मी कोणालाही पहिल्या वर्षी चार एकर करू देत नाही. दहा गुंठे पुरेत. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांचाही भर दहा गुंठ्यांवरच होता, आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने तासगावच्या द्राक्षबागायतदारांना आपापल्या रानात प्रयोग करून अनुभव एकमेकांना कळवण्याची सवय लावली. अशी चार-पाच माणसांची पत्रापत्री आपण परत आल्यावर सुरू करता आली, तर अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमची अडीच एकर काळी जमीन आहे. अनेक वर्षे पाटपाण्यावर ऊस घेतला आणि आता निम्म्या रानावर पांढरा थर येतो. तेथे झाडे लावून पर्माकल्चर पद्धतीने जमीन सुधारेल का? — एक वाचक भगिनी

उत्तर : निव्वळ झाडे लावून ती सुधारणार नाही. अतिपाण्यामुळे भूजलाची पातळी वर आली आहे. ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. म्हणून पहिले काम निचऱ्याचे आहे. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकण्याचा उपाय आपल्या भागात बऱ्याच जणांनी केला आहे, परंतु त्या नळ्यांचे पाणी ओढ्यापर्यंत नेण्यासाठी वाटेतील शेजाऱ्यांची संमती लागते. त्यामुळे पाच-सात जणांनी मिळूनच हे काम हाती घ्यावे. माती-तपासणीआधी जिप्सम विकत घेऊ नये; ते चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीला उपयोगी पडते, निव्वळ क्षारयुक्त जमिनीला त्याचा उपयोग होत नाही. निचरा झाल्यावर धैंचा किंवा ताग हे हिरवळीच्या खताचे पीक फुलोऱ्यात गाडावे. आणि पाटपाण्याच्या पाळ्या कमी केल्याखेरीज यातले काहीही टिकणार नाही, हे मान्य करण्याची घरातील सर्वांची तयारी असेल, तरच खर्चात पडावे.

प्रश्न : सांगली शहरातील आम्ही पाच कुटुंबे मिळून जावळी किंवा पाटण तालुक्यात डोंगरउतारावर जागा घेऊन लहानसे इको-व्हिलेज वसवू इच्छितो. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : जागा पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे आपल्या भागाला लागू असलेल्या १९४८च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. पाचांपैकी कोण शेतकरी आहे, हे कागदावर तपासावे, आणि फक्त एकाच्या नावावर सातबारा ठेवून बाकीच्यांनी विश्वासावर राहण्याचा मार्ग टाळावा. असे विश्वास मुलांच्या पिढीपर्यंत पोहोचताना मोडलेले मी पाहिले आहेत. दुसरी म्हणजे तो प्रदेश. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि कोयना व चांदोलीचे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्या हद्दींची शहानिशा केल्याशिवाय इसार देऊ नये. शिवाय तेथील पावसाचे गणित माणच्या नेमके उलट आहे. घाटमाथ्यावर पावसाळ्यात पाणी जिरवण्यापेक्षा त्याला माती न नेता वाट काढून देणे महत्त्वाचे असते, आणि तरीही एप्रिलमध्ये हंडा घेऊन झऱ्यावर जावे लागते.

जागेनंतर खरा प्रश्न नियमांचा येतो, आणि त्यासाठी परदेशी इको-व्हिलेजची घटना उतरवून घेण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधील नायगावात पाणी पंचायतीची सुरुवात केली. तिचा नियम असा की, पाणी जमिनीच्या आकारावर न देता माणशी अर्ध्या एकराला द्यायचे, कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही, भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊस नाही. आपल्याच जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस येरळा नदीतील थोडी वाळू विकून त्या पैशाचा आधार घेत बळीराजा धरण उभे केले, आणि जमीन असो वा नसो, पाण्यात प्रत्येकाचा वाटा हे तत्त्व धरले. पाच कुटुंबांनी आधी एका दुपारी बसून पाणी कोणाला किती, कोणी सोडून गेल्यास त्याच्या वाट्याचे काय, आणि शेजारच्या वाडीतील लोकांचा आपल्या झऱ्यावरील जुना हक्क कसा जपायचा, एवढे तरी लिहून काढावे. त्या वाडीत आपण नवखे आहोत. लावणीच्या दिवसांत सावडीला (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने करायच्या कामाला) हात लावायला गेलात, तर तिकडचे लोक पुढे रस्ता अडवणार नाहीत.

प्रश्न : समपातळी आखण्यासाठी यंत्र कोठे मिळते? भाड्याने परवडेल का?

उत्तर : विकत किंवा भाड्याने घेऊ नये, घरी करावे. सारख्या लांबीचे दोन बांबू, अंदाजे सात-सात फुटांचे, वरच्या टोकाला बांधावेत, पाय फाकवावेत आणि मध्ये एक आडवी काठी बांधावी. वरच्या जोडातून दोरा सोडून त्याला दगड अडकवावा. दोन ठिकाणी पाय टेकवून दोरा आडव्या काठीवर जेथे येतो, तेथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करावी. या दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. नंतर उतारावर एक पाय ठेवून दुसरा पाय दोरा मध्यावर येईपर्यंत पुढे-मागे सरकवावा, तेथे फक्कीची रेघ ओढावी आणि पुढचे पाऊल टाकावे. आखणी सकाळी लवकर करावी, कारण दुपारी माळावरचा वारा सुटला की दोरा डोलू लागतो. तरीही डोलत राहिल्यास दगड मोठा घ्यावा.