सरकारी शाळेत सगळ्या धर्मांविषयी आणि नास्तिक विचारांविषयी शिकवता येतं का?

हो, येतं. राज्यघटनेच्या कलम २८(१) नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत बंदी आहे ती धार्मिक शिक्षणाला; धर्मांची माहिती देण्याला नाही. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक मान्य केला. रमजानमध्ये मुसलमान रोजे का ठेवतात, हा पाठ चालतो. वर्गाकडून कलमा किंवा आरती पाठ करून घेणं वेगळं. नास्तिक विचारांसाठी तर लांब जायलाच नको, वेद आणि ईश्वर नाकारणारे प्राचीन चार्वाक आहेत, अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे) समाजसुधारक आगरकर आहेत. चार्वाक मात्र जपून शिकवा: त्यांची बहुतेक मतं विरोधकांच्या ग्रंथांतूनच आपल्यापर्यंत आली आहेत, आणि ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’वर (कर्ज काढा, पण तूप प्या) पोरं हसून मोकळी होतात, प्रत्यक्ष प्रमाणाचा, म्हणजे इंद्रियांना जाणवतं तेच खात्रीचं ज्ञान, हा मुद्दा राहूनच जातो. (शिक्षकही हसतात, तो भाग निराळा.)

एक लक्षात ठेवा: खाजगी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेला कलम २८(३) लागू होतं. तिथे धार्मिक शिक्षण किंवा प्रार्थना असू शकते, पण पालकांच्या संमतीशिवाय मुलावर सक्ती करता येत नाही.