घरातली शिलाई, सोसायटीचं पत्र आणि रस्त्यावरचा गाळा

प्रश्न : धायरीतल्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, यजमानांच्या नावावर. सहा वर्षं मी हॉलमध्ये ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. दोन शिलाई मशीन आणि एक मोठं ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा बांधायचं मशीन, आहे. दुपारी एक मुलगी मदतीला येते, तिला महिन्याचा पगार देते. बाल्कनीला छोटा फ्लेक्स लावलाय. गेल्या आठवड्यात सेक्रेटरींनी यजमानांना पत्र दिलं : पंधरा दिवसांत धंदा बंद करा, नाहीतर रोज ५०० रुपये दंड, मेंटेनन्स दुप्पट आणि पाणी बंद. घरगुती मीटरवर धंदा म्हणजे वीजचोरी, महावितरणला कळवू, असंही त्यात आहे. आमचं बिल महिन्याला १८० ते २१० युनिटचं येतं. रस्त्यावर एक गाळा मिळतोय, भाडं १४,००० आणि डिपॉझिट दीड लाख. मालक म्हणतात, अकरा महिन्यांचा नोटरी करार करू, कागदावर भाडं ५,००० दाखवू, बाकीचे रोख द्या. यजमान म्हणतात, घेऊन टाक, कटकट नको. मला मात्र धाकधूक आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट. गाळा घ्यायचा की नाही हे सेक्रेटरींच्या पत्राला घाबरून ठरवू नका. पत्राला उत्तर देऊन ते प्रकरण शांत करता येतं. गाळ्याचा करार एकदा झाला की दीड लाख रुपये दुसऱ्याच्या खिशात जातात आणि दर महिन्याच्या पाच तारखेला १४,००० काढून ठेवावे लागतात. म्हणून पत्राचा प्रश्न आधी सोडवू, गाळ्याचं मग बघू.

राहत्या घरात पोटापाण्याचा उद्योग करणं हा गुन्हा नाही. पुण्याला लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती डिसेंबर २०२० पासून अमलात आहे. तिच्यात घरगुती व्यवसायाची व्याख्याच दिलेली आहे. घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसानं, पगारी माणूस न ठेवता, बाहेरून धंदा चालतो असं दिसेल असा कुठलाही फलक न लावता, घरगुती वापरात असतात तशाच यंत्रांवर केलेलं काम त्यात बसतं. विकायचं तर तिथेच तयार झालेलं विकायचं. मोटार वापरली तर एकूण भार ०.७५ किलोवॉटच्या आत हवा. शेजाऱ्यांना धोका पोचेल असं काही नको.

आता ही व्याख्या तुमच्या हॉलला लावून बघा. शिलाई स्वतः त्यात सहज बसते. पण तीन गोष्टी आड येतात : फ्लेक्स, पगारी मुलगी आणि मोठं ओव्हरलॉक. तुम्ही सहा वर्षं प्रामाणिकपणे काम केलंत, तरी या तीन बाबतींत सेक्रेटरींचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. हे मी स्पष्ट सांगतो, कारण उद्या सहकार न्यायालयात समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवणार आहे.

फ्लेक्स आजच काढा. तो असाही महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाच्या परवान्याशिवाय लावलेला असणार. सहा वर्षांत तुमची गिऱ्हाइकं तोंडी सांगण्यावरून येत असतील, तेव्हा फ्लेक्स गेल्यानं फार बिघडणार नाही. मुलीचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण तिच्या घरची चूलही त्या पगारावर पेटते. तिला काढून टाका असं मी म्हणणार नाही. हूक, काज, काठ दुमडणं, हातशिलाई असं जे काम तिच्या घरी होऊ शकतं ते तिला नगावर घरी द्या. वहीत तारीख, नग आणि रक्कम लिहून तिची सही घेत चला. यानं तिचं उत्पन्न राहतं आणि तुमच्या घरात पगारी कामगार आहे असं म्हणता येत नाही. मात्र ती रोज दुपारी येऊन बसणार आणि कागदावर फक्त ‘घरून काम’ असं लिहिणार, असा देखावा करू नका. जिन्यातले शेजारी रोज बघतात.

ओव्हरलॉकचं बोलू. साध्या मशीनला बसवतात ती छोटी मोटार शंभर वॉटच्या आसपास असते. कारखान्यात असते तशी क्लच मोटार चारशेच्या आसपास जाते. तिन्ही मिळून तुम्ही ०.७५ किलोवॉटच्या आत राहाल, पण ‘घरगुती वापराचं यंत्र’ ही अट क्लच मोटारीच्या ओव्हरलॉकला लावणं अवघड आहे. शिवाय खालच्या घरात घरघर जाते ती त्याचीच. घरगुती ओव्हरलॉक बाजारात मिळतं, ते घ्या. मशीनखाली जाड रबर टाका. रात्री दहा ते सकाळी सहा मशीन बंद. लग्नसराईत हे जड जाईल, कल्पना आहे. पण अशा बहुतेक भांडणांचं मूळ धंद्यात नसतं, रात्री साडेअकराच्या आवाजात असतं. जमलं तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींना उत्तराचं पत्र देण्याआधी स्वतः जाऊन भेटा.

विजेबाबत सेक्रेटरी सरळ चुकत आहेत. विद्युत कायदा २००३ मध्ये वीजचोरी कलम १३५ मध्ये येते. मीटरमध्ये छेडछाड, आकडा टाकणं वगैरे. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली तर कलम १२६ लागू शकतं आणि दुप्पट दरानं आकारणी होते, हे खरं. पण महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांमध्ये तुमच्यासारख्यांसाठी सोय आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. वर्षाचा आकडा ओलांडला तर पुढे दुसरा दर लागतो, तोही आधी कळवून. तुमचं वर्षाचं बेरजेला २,४०० च्या आसपास जातं. मागच्या बारा बिलांच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये मीटरवर लक्ष असू द्या.

आता दंड. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, दंडाची एक रीत घालून दिली आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाला म्हणणं मांडायची संधी, आणि दंड ठरवणार सर्वसाधारण सभा. एकटे सेक्रेटरी नव्हेत आणि एकटी समितीही नव्हे. रक्कमही आर्थिक वर्षाला ५,००० च्या वर जात नाही. रोज ५०० हा हिशेब दहा दिवसांतच ती मर्यादा गाठतो. मेंटेनन्समधलं सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं वाटायचं असतं; घरात शिलाई चालते म्हणून दुप्पट, असं त्यात कुठे नाही. दहा टक्के बिनभोगवटा शुल्क असतं, पण ते फ्लॅट भाड्यानं दिला तर. तुम्ही तर तिथेच राहता. आणि पाणी बंद करणं ही दंड वसूल करायची पद्धतच नव्हे. तसं झालंच तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊन लगेच अंतरिम आदेश मागता येतो. तुमच्या सोसायटीनं नोंदवलेले उपविधी नेमके कोणते, त्याची प्रत सेक्रेटरींकडून लेखी मागून घ्या. सभासदाचा तो हक्क आहे.

उत्तर यजमानांच्या सहीनं जाऊ द्या, कारण सभासद ते आहेत. एका पानात मावेल इतकंच लिहा : फ्लेक्स अमुक तारखेला काढला, पगारी माणूस आता येत नाही, यंत्रं घरगुती आहेत, मशीन रात्री बंद असतं, वीजवापर अमुक इतका आहे, पत्रातला दंड आणि वाढीव मेंटेनन्स कोणत्या उपविधीनुसार ते कळवावं. एवढंच. दुसऱ्या मजल्यावर क्लास चालतो, तिसऱ्यावर पार्लर आहे, असलं काही असलं तरी लिहू नका. दुसऱ्याचं उणं दाखवून आपलं झाकत नाही, उलट दोन घरं विनाकारण तुमच्या विरोधात जातील. सोसायटीच्या कार्यालयात पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपून ठेवा. आणि त्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट पत्र जाण्याच्या आधी खरी झालेली हवी.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करा. ती सरकारी संकेतस्थळावर आधारवर होते आणि फुकट आहे. कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. शॉप अ‍ॅक्टचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्याएवढ्या छोट्या आस्थापनेला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं. पण यातला कुठलाही कागद सोसायटीसमोर परवानगी म्हणून चालत नाही. ‘माझ्याकडे शॉप अ‍ॅक्ट आहे’ असं म्हणून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात.

आता गाळा. मालक जो करार सांगतायत तो तसाच्या तसा मुळीच करू नका.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे तुमच्या बाजूचं आहे, पण त्यावर विसंबून दीड लाख देऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका पार्लरवाल्या ताईंनी असंच नोटरीवर डिपॉझिट दिलं होतं, अर्धं रोख. गाळा सोडला तेव्हा मालकानं रोख रकमेचा विषयच उडवून लावला. त्या पैशांसाठी त्यांनी माझ्या ऑफिसच्या किती खेपा घातल्या ते मी विसरलेलो नाही.

नोंदणीचा खर्च तरी किती? छत्तीस महिन्यांचा करार धरू. भाड्याचे ५,०४,०००, आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून तीन वर्षांचे ४५,०००. एकूण ५,४९,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण १,४०० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. म्हणजे अडीच हजारांच्या आत-बाहेर, ऑनलाइन भरायचे किरकोळ शुल्क वेगळे. एवढ्यासाठी दीड लाखाची जोखीम का घ्यायची?

५,००० कागदावर आणि ९,००० रोख, हे तर साफ नाकारा. मुद्रांक चुकवणाऱ्या कागदावर तुमचीही सही असेल. भाड्याचा खर्च हिशेबात दाखवता येणार नाही. आणि उद्या वाद झाला तर तुमचा कागदच सांगेल की तुम्ही ५,००० देत होता. पूर्ण भाडं आणि पूर्ण डिपॉझिट बँकेतूनच जाऊ द्या.

मालक अकरा महिन्यांवर का अडून बसतात हेही समजून घ्या, म्हणजे बोलणी सोपी होतील. राहत्या घराचा लायसन्स संपला की कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट दाद मागता येते. गाळ्याला ते कलम लागू नाही. तिथे मालकाला लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागतो आणि वर्षं जातात. म्हणून तो घाबरतो, डिपॉझिट मोठं मागतो, मुदत छोटी ठेवतो. त्याची भीती खरी आहे. पण तुमचीही खरी आहे : फळ्या, ट्रायल रूम, लाइट यांवर तुम्ही पैसे घालणार, आणि लायसन्समध्ये जागेवर तुमचा हक्क तयार होत नाही. म्हणून छत्तीस महिने मागा, दर वर्षी ठरलेली वाढ लिहून घ्या, आणि पहिली दोन वर्षं मालक काढू शकणार नाही अशी लॉक-इन अट घाला. तुमच्यासाठी लॉक-इन, म्हणजे तुम्हाला गाळा सोडता येणार नाही अशी मुदत, सहा महिन्यांच्या वर नको. डिपॉझिट किल्ली देतानाच परत, त्याच दिवशी, हे वाक्य करारात हवंच.

गाळा पाहायला जाल तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा मागा. तुमच्या भागात इमारतीचं पार्किंग किंवा पुढची मोकळी जागा बंद करून काढलेले गाळे पुष्कळ आहेत. अतिक्रमणवाले आले की मालकाची भिंत जाते आणि तुमचं फर्निचर. मिळकतकराच्या बिलावर वापर बिगरनिवासी आहे का, वीजमीटर व्यापारी आहे का, दोन्हींची थकबाकी नाही ना, हे बिलं हातात घेऊन बघा. तोंडी शब्दावर जाऊ नका.

शेवटचा हिशेब तुम्हीच करायचा आहे. अस्तराच्या ब्लाउजमागे तुमच्या हातात खर्च जाऊन किती उरतात, ते मला माहीत नाही, तुम्हाला आहे. १४,००० मध्ये व्यापारी दराचं वीजबिल मिळवा आणि त्या रकमेला भागा. जो आकडा येईल तेवढे ब्लाउज फक्त गाळ्यासाठी. आषाढ-श्रावणात, काम मंद असतं त्या महिन्यांतही तो आकडा पेलत असेल आणि त्या मुलीला पूर्णवेळ ठेवायची तुमची इच्छा असेल, तर गाळा घ्या. पगारी माणसं ठेवून काम वाढवायची रीतसर जागा तीच आहे. पेलत नसेल तर वर सांगितलेले बदल करून घरातच शिवत राहा.

पत्राचे पंधरा दिवस ज्या तारखेला भरतात तिच्या दोन दिवस आधी यजमानांचं उत्तर पोचलेलं हवं. मसुदा करून मला पाठवा, मी वाचून दुरुस्त करून देतो. गाळ्याच्या मालकांनी बयाणा मागितला, तर उत्तर पोचेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.